सुट्या मालावर तारीख नसते

आमच्या घरात सगळं सुटं यायचं. चहापत्ती सुटी, गोडेतेल सुटं, धुण्याची पावडर सुटी, बिस्किटंसुद्धा दुकानदाराच्या बरणीतली. पुड्यातलं सामान घेणं म्हणजे उगाच मिजास, असं माझ्या आईचं मत. लागेल तेवढंच घ्यावं, जास्तीचं आणून घरात मुंग्या कशाला बोलवायच्या? ही सवय माझ्या अंगात इतकी मुरली की पुण्यात नोकरीला असताना मी मोठ्या चकचकीत दुकानात जाऊनही सुट्या डाळींपाशीच उभा राहायचो, आणि मित्र हसले की त्यांनाच चार गोष्टी ऐकवायचो. मला त्याचा अभिमान होता. आता दुकानात कुणी "सुटं द्या" म्हणालं तरी माझं तोंड उतरतं. का, ते आईलाही मी अजून धड सांगितलेलं नाही.

मी सॉफ्टवेअरचं काम करतो. शिकलो अंबाजोगाईला, नोकरी लागली पुण्याला, आणि कोरोनात सगळे आपापल्या घरी पळाले तेव्हा मीही लॅपटॉप काखेला मारून युसूफ वडगावला आलो, तो परत गेलोच नाही. कंपनी म्हणाली घरूनच करा. माडीवरच्या खोलीत टेबल टाकलं आणि बसलो. गावाला माझा उपयोग लवकर कळला. कुणाचा फोन अडकला, कुणाचं पीकविम्याचं पान उघडेना, की माणूस माझ्या जिन्यात हजर. मी करून द्यायचो, पण आधी त्याला माझी बोलणी खावी लागायची. माझं डोकं लवकर फिरतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. जुनाट झालेला फोन घेऊन कुणी आला की मी विचारायचो, अपडेट करायला काय बैल जुंपावे लागतात का? लोक हसायचे, मान डोलवायचे, पुन्हा तसेच यायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली ती दादानं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. माझ्याहून मोठा, शेजारच्याच घरात आईबरोबर, म्हणजे माझ्या काकूबरोबर राहतो. चुलते लवकर गेले. माझं शिक्षण चालू असताना माझ्या वडिलांचे गुडघे गेले, तेव्हा दादानं स्वतःच्या रानाबरोबर आमचंही रान वाहिलं. कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. मी अंबाजोगाईला वर्गात बसलो होतो तो दादा इथं चिखलात उभा होता म्हणून. आणि मी नोकरदार होऊन परत आल्यावर त्यालाच अडाणी म्हणायचो, सगळ्यांसमोर. तो हसायचा.

त्याच्या लग्नाचं मात्र जमेना. आमच्याकडं आता ही घरोघरची गोष्ट आहे. पोरगा निर्व्यसनी, रान पाण्याखालचं, घर पक्कं, पण "शेतीच करतो का?" एवढं विचारून पाहुणे चहा संपवतात आणि "कळवतो" म्हणून उठतात. कळवत कुणीच नाही. काकू दर वेळी नव्या कपबश्या काढायची आणि धुऊन पुसून परत फडताळात ठेवायची. दादा तिशी ओलांडून बराच पुढं गेला होता. तोंडानं काही बोलायचा नाही, पण दुसऱ्यांच्या हळदीला जाणं त्यानं बंद केलं होतं.

खरं सांगायचं तर ती वेबसाइट मी त्याच्यासाठीच केली. दसरा झाला की आमच्या भागातली कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. आईबाप कुठल्या तरी कारखान्याकडं, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, आणि पोरगी गावाकडं आजीजवळ. स्थळ आलं तर बघायचं कुणी आणि दाखवायचं कुणी? म्हणून मी वधूवरांची एक साधी वेबसाइट केली. कोपीत बसून फोनवर मुलाचं पान बघता यावं. फोटो, शिक्षण, रान, मामाचं गाव, सगळं एका ठिकाणी. हळूहळू केज तालुक्यातली बरीच घरं तिच्यावर आली, काही सोयरिकी जमल्यासुद्धा. गावानं पारावर बोलावून माझ्या गळ्यात हार घातला. मी हातात माइक घेऊन भाषण ठोकलं, की तुमची माहिती माझ्याकडं कुलपात आहे, निर्धास्त राहा. ते भाषण आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

दादाचं पान भरताना तो माझ्याजवळच बसला होता. पानावर एक रकाना होता, 'विवाह'. पहिला की दुसरा, ते तिथं लिहायचं. दादानं एका बोटानं शोधून शोधून टाइप केलं, 'पयलाच हाय'. मी खो खो हसलो. म्हणालो, दादा, ही काय सांगायची गोष्ट आहे का? आपल्यात असलं कुणी लिहितं का? पाहुण्यांना उलटी शंका येईल, की याला एवढं सांगावं कावून लागलं. मी ते पुसलं आणि रकाना मोकळा सोडला. माझं म्हणणं चूकही नव्हतं. बहुतेकांनी तो मोकळाच सोडला होता. पहिलं लग्न ही आमच्याकडं सांगायची गोष्ट नसतेच. दुसरं असलं तर सांगायचं, आणि मग त्या माणसाला सगळे बिजवर म्हणतात, आणि त्याच्या सोयरिकीचं बोलणं आवाज खाली आणून होतं.

आता थोडं माझ्या धंद्यातलं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही प्रोग्राम लिहिणारे सगळं स्वतः लिहीत नाही. वरचेवर लागणारी बारीकसारीक कामं, म्हणजे नावं क्रमानं लावणं, दोन ठिकाणची माहिती एकत्र करणं, ही कुणीतरी आधीच लिहून जगाला देऊन टाकलेली असतात. अशा कामांची एक मोठी हत्यारपेटी आहे, जगभर वापरतात. ती आख्खी घेता येते. नाहीतर तिच्यातलं एकेक हत्यार वेगळं, सुटंही मिळतं. मी काय घेतलं ते सांगायला नको. आख्खी पेटी कशाला वागवायची, लागतील ती हत्यारं सुटी आणली. आईचा लेक शोभलो.

या पेटीत अधूनमधून खोट सापडते. कुणाच्या तरी लक्षात येतं की अमुक हत्याराला फट आहे, आणि तिच्यातून बाहेरचा माणूस आत हात घालू शकतो. मग पेटी करणारे ती फट बुजवतात आणि सुधारलेली पेटी काढतात. आपण जुनी टाकून नवी घ्यायची, बस्स. पण सुट्या हत्यारांकडं त्यांनी लक्ष देणं केव्हाच सोडलं होतं. पेटी नवी होत गेली आणि सुटी हत्यारं होती तशीच राहिली. 'सुटी घेऊ नका' असंही त्यांनी सांगून ठेवलं होतं. मी ते वाचलं नव्हतं. पुड्यावर तारीख छापलेली असते, सुट्या मालावर नसते. बरणीतली मऊ पडलेली बिस्किटं खाऊन वाढलेल्या माणसाला एवढं तरी कळायला हवं होतं.

फट कसली होती, तेही सांगतो. आमच्या गावाला पाण्याची उंच टाकी आहे. ज्याच्या घरचा रांजण भरलेला, तो रांजणातलं पितो. ज्याचा रिकामा, तो नळ सोडतो, म्हणजे टाकीतलं पितो. प्रोग्रामातही तसंच चालतं. एखाद्याच्या पानावर रकाना भरलेला असेल तर तेच दिसतं. रकाना मोकळा असेल तर प्रोग्राम वरच्या, सगळ्यांच्या सामाईक टाकीत बघतो. टाकीत एरवी काही नसतं, म्हणून काही दिसत नाही. माझ्या त्या एका सुट्या, जुन्या हत्यारातून मात्र कुणालाही थेट टाकीत पाहिजे ते ओतता येत होतं.

मला कुणी सांगितलं नाही असं म्हणायचीही सोय नाही. काम करताना पडद्यावर इशाऱ्याच्या पिवळ्या ओळी यायच्या, त्या मी बोटानं वर ढकलून द्यायचो. मग एका अनोळखी माणसाचा ईमेल आला, मराठीत, अगदी नम्रपणे लिहिलेला. आपल्या वेबसाइटवर हत्यारपेटीतला एक भाग फार जुना आहे, त्यातून कुणीही बाकीच्यांच्या पानावर काहीही दाखवू शकेल, लग्नाचा विषय आहे म्हणून कळवतो, कृपया बघावं. वाचून माझं डोकं सणकलं. हा कोण मला शिकवणारा? मी बघितलं, तर वेबसाइटच्याच दुसऱ्या एका कामापुरती नंतर घेतलेली आख्खी पेटी नवीकोरी होती. तेवढंच बघितलं. सुट्यांची मला आठवणही झाली नाही. त्याला एका ओळीत उत्तर टाकलं, की आधी नीट शिकून या, मग दुसऱ्याला शिकवा. आणि स्वतःवर खूश होऊन जेवायला खाली गेलो.

त्याच सुमारास दादाला नांदूरघाटचं स्थळ आलं. मुलगी पदवीपर्यंत शिकलेली, वडील शेतकरी, शांत माणूस. आम्ही बघायला गेलो तेव्हा मी बोलायची तयारी करून गेलो होतो, पण वेळच आली नाही. मुलीनंच दादाला विचारलं, रानात विहीर हाय का बोअर? दादा दचकला आणि मग असा हसला की मी त्याला तसं हसताना कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. दोघं पाण्यावरच बोलत बसले. येताना काकू गाडीत सारखी म्हणत होती, पोरीनं रानाचं इचारलं, रानाचं. घरी आल्यावर नव्या कपबश्या तिनं फडताळात ठेवल्याच नाहीत, वरच राहू दिल्या. सुपारी फोडायची बैठक ठरली. मुलीचा चुलता मात्र ऊसतोडीला गेलेला होता. तो म्हणाला, मला यायला जमत नाही, मी फोनवरच मुलाचं पान बघतो.

बैठकीच्या आधी एका बाजारच्या दिवशी मला एका माणसाचा फोन आला. म्हणाला, माझ्या पोरीच्या पानावर काहीतरी भलतंच दिसतंय. मी कामात होतो. काय दिसतंय ते विचारलंसुद्धा नाही. सर्व्हर बंद करून चालू केला, तशी टाकी आपोआप रिकामी झाली, आणि त्याला सांगितलं, नेटवर्कचा घोळ होता, झालं आता. वर हेही ऐकवलं की फोन जरा नवा घ्या.

दोन दिवसांत नांदूरघाटहून दादाला निरोप आला, बैठक राहू द्या. कारण विचारलं तर म्हणाले, तुमी आमच्यापासून लपवलंत. दादा माझ्याकडं आला. मी त्याचं पान उघडलं, तर त्यावर वावगं काहीच नव्हतं. मग मी पाहुण्यांवरच भडकलो. बहाणे करतात साले, शेती नको असेल तर सरळ सांगावं, असं काकूसमोर तणतणलो. काकू डोळ्याला पदर लावून बसली होती आणि मी तिला पाहुण्यांची लायकी समजावून सांगत होतो. तेवढ्यात दादाच्या फोनवर मुलीच्या वडिलांनी एक फोटो पाठवला. चुलत्यानं फडावर काढलेला, दादाच्याच पानाचा. दादानं फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, "बारक्या, हे काय हाय बघ बे."

फोटोत दादाचं नाव होतं, दादाचा चेहरा होता, आणि खाली लिहिलेलं होतं, 'विवाह : दुसरा'.

पहिल्या क्षणाला मला सगळं कळलं आणि त्याच क्षणाला वाटलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं. वर जाऊन मी तपासलं. त्या बाजारच्या दिवशी कुणीतरी टवाळखोरानं टाकीत 'दुसरा' ओतलं होतं. ज्यांनी ज्यांनी रकाना मोकळा सोडला होता ते सगळे, पोरी आणि पोरं, त्या दिवसापुरते बिजवर झाले होते. कोण होता तो, मला आजही माहीत नाही. त्या ईमेलवाल्यानं केलं असेल असं वाटत नाही, आणि केलं असेल तर त्याला बोलायला मला तोंड नाही. मी सुटी हत्यारं काढून फेकली आणि त्यांच्या जागीही आख्खी, नवी पेटीच लावली. चहा निवायच्या आत काम झालं. एवढंच काम होतं ते.

वेबसाइटवर मी सूचना टाकली, की तांत्रिक अडचणीमुळं काही पानांवर चुकीची माहिती दिसली, क्षमस्व. तांत्रिक अडचण! जसा काही वारा सुटला आणि पत्रा उडाला. माझी चूक असं मी कुठंच लिहिलं नाही.

दादाला मात्र सांगितलं, माझ्यामुळं झालंय, चल, मी नांदूरघाटला येऊन सांगतो. त्यानं काही विचारलं नाही, मोटरसायकल काढली. मुलीच्या वडिलांनी आम्हाला रीतसर बसवलं, चहापाणी दिलं. मी टाकी आणि रांजण सगळं सांगितलं. ते मन लावून ऐकत होते. मग त्यांनी स्वतःच्या फोनवर मुलीचं पान उघडलं आणि माझ्यापुढं ठेवलं. तिथं विवाहाच्या रकान्यात 'पहिला' असं लिहिलेलं होतं. त्यांनी स्वतः भरलं होतं म्हणे, मोकळं ठेवायला नको म्हणून.

"आमच्या पोरीचं तर त्या दिवशीबी नीटच हुतं," ते म्हणाले. "मग तुमचंच कावून बिघडलं?"

मी सांगितलं, तुम्ही रकाना भरला होता, आमचा मोकळा होता. ते म्हणाले, मोकळा कावून सोडला मग? मी म्हणालो, दादानं लिहिलेलं मीच पुसलं. आणि हे बोलताना मला माझंच बोलणं ऐकू येत होतं, की हे किती खोटं वाटतंय. आधी लिहिलं होतं, मग पुसलं, मग आपोआप 'दुसरा' उमटलं. मीही विश्वास ठेवला नसता. ते माझ्याकडं रागानं बघत असते तर मला चाललं असतं. पण ते कीव आल्यासारखं बघत होते.

"भाऊ म्हणून तुमी बोलताय, बोलायलाच पायजे," ते म्हणाले. "तुमचं समदं खरं धरलं, तरी आमची आर्धी भावकी तिकडं फडावर हाय. मुलगा बिजवर हाय अशी खबर कोपीकोपीत गेली. त्येनला कोन जाऊन सांगणार, टाकी अन् रांजण?"

मी पुन्हा टाकीपासून सुरुवात केली. मुलगी कप उचलायला आली. तिनं दादाकडं एकदा बघितलं आणि दादानं खाली. मला वाटलं, तो मान खाली घालून बसलाय म्हणजे यांना खात्रीच पटली असणार. मान मी घालायला हवी होती. मी तर अजून समजावतच होतो.

येताना केजला दादानं गाडी थांबवली, चहा सांगितला. एक कप माझ्यापुढं सरकवला. मला वाटलं आता बोलेल, आणि मनातून वाटत होतं की बोलावं, चारचौघांत शिव्या घालाव्यात. तो म्हणाला, "लई मोठं काळीज लागतं बारक्या, दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घ्यायला."

मला आधी उमगलंच नाही. मग उमगलं. दादाला वाटत होतं की मी खोटं बोललो. कुणीतरी वैऱ्यानं हे केलं आणि सोयरीक वाचावी म्हणून मी, एवढा शिकलेला माणूस, परक्याच्या घरात जाऊन स्वतःला गुन्हेगार म्हणवून घेतलं. माझ्या हातून अशी चूक होईल हे त्याच्या डोक्यातच शिरत नव्हतं. मी तोंड उघडलं. चहावाला सुटे विचारायला आला, दादानं दिले, आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. या सगळ्या प्रकरणात मला कशाची शरम जास्त वाटते असं कुणी विचारलं तर ती वेबसाइटची नाही, त्या चहाची.

दादानं ते गावात सांगितलं. काकूनं माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली, आणि ज्या कपबश्या पाहुण्यांसाठी होत्या त्यातला एक कप माझ्यापुढं चहा भरून ठेवला. जिन्यात येणारी माणसं नुसता फोन दाखवून जायची ती आता माझ्याशी अदबीनं बोलायला लागली. भावासाठी शिव्या खाऊन आला म्हणे. मला घास गोड लागेना. मी कुणावर ओरडणंही बंद केलं, तर लोक म्हणाले, बघा, किती मनाला लावून घेतलंय.

मग बाजारात ते झालं. ज्या माणसाला मी नेटवर्कचा घोळ म्हणून कटवलं होतं तो भाजीच्या ओळीत समोर आला. त्याच्या पोरीचंही नाव उगाच चर्चेत आलं होतं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, असली वेबसाइट काढण्यापेक्षा घरात बसायचं हुतं, आमच्या लेकीबाळींचं वाटोळं करून ठेवलं. एक शब्द खोटा नव्हता त्याचा. आणि माझ्या मागून दादा आला आणि त्यानं त्या माणसाची गचांडी धरली. माझ्या भावाला बोलायचं काम न्हाई, म्हणाला. जन्मात कुणावर हात न उचललेला माणूस. लोकांनी सोडवलं. तो माणूस सदरा नीट करत माझ्याकडं बघत निघून गेला.

तिथून दादा रानात गेला. मीही मागोमाग गेलो. तो बांधावर बसला होता, पाणी चालू होतं. मी त्याच्या शेजारी बसलो, फोन काढला, त्या अनोळखी माणसाचा ईमेल उघडला आणि त्याच्या हातात दिला. खाली माझं उत्तर होतं. दादा वाचताना ओठ हलवतो. मी त्याच्या ओठांकडं बघत होतो, आणि तो कुठल्या शब्दावर आलाय ते मला कळत होतं.

"मंजी त्या मानसानं आधीच सांगितलं हुतं," तो म्हणाला.

मी हो म्हणालो.

"अन् तू त्येला शिकून ये म्हनलास."

मी हो म्हणालो. केजलाच सांगायला हवं होतं, तेही म्हणालो. त्यानं फोन परत दिला. ओरडला नाही. त्याच्या तोंडावर जे होतं त्याला मी राग म्हणणार नाही. नांदूरघाटच्या ओसरीवर मान खाली घालताना त्याच्या तोंडावर जे होतं तेच होतं, फक्त आता ते माझ्यामुळं आहे हे त्याला कळलेलं होतं. मग तो म्हणाला, "मंजी मी लिव्हलं हुतं तेच बरं हुतं."

मी तिथंच बसून त्याचं पान उघडलं. विवाहाच्या रकान्यात लिहिलं, 'पयलाच हाय'. एक अक्षरही सुधारलं नाही. त्याला दाखवलं. त्यानं बघितलं, मान हलवली, खोरं उचललं.

"ऱ्हाऊ दे आता," म्हणाला. "तिचं जमलं तिकडं परळीला. काल सुपारी फुटली."

आणि तो वाफ्याला पाणी वळवायला गेला. मी त्याच्यामागं जायला उठलो, पण दुसरं खोरं नव्हतं.